फायबर लेझरने तापणारं पोलाद: प्रकाशलहर सोडवायची की नुसता फ्लक्स द्यायचा?

हिंगणा_हार्डनर

मंडळी, ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या प्लेटवर लेझर हार्डनिंगचं, म्हणजे लेझरने तापवून वरचा थर कठीण करण्याचं, सिम्युलेशन करून राहिलो आहे. तीन वाटांनी गेलो, तिन्ही वाटांवर उत्तर वेगळं आलं.

प्लेट १०० × ६० × १० मिमी, ग्राइंड केलेली, असिटोनने पुसलेली. लेझर १०७० नॅनोमीटरचा फायबर, ८०० वॅट, पृष्ठभागावर डाग ४ मिमी. आधी एकाच जागी ०.४ सेकंद मारायचा, ते जमलं की १० मिमी प्रति सेकंद वेगाने फिरवायचा. पृष्ठभाग १००० अंशांच्या आसपास जावा, पण वितळू नये, एवढंच हवं आहे.

पहिली वाट: कॉमसॉलमध्ये (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) विद्युतचुंबकीय लहर आणि उष्णता एकत्र सोडवली. पृष्ठभागाशी ५ नॅनोमीटरची जाळी दिली. अर्धा मिमी रुंदीचा द्विमितीय तुकडासुद्धा ६४ जीबी मेमरीत मावला नाही.

दुसरी वाट: लहर सोडली आणि खोलीनुसार घातांकी घटणारी उष्णता धातूच्या आत दिली. ५० मायक्रॉनच्या एलिमेंटवर (जाळीचा एक तुकडा) प्लेट तापलीच नाही. तेच सूत्र पायथनमध्ये स्वतः लिहिलं तर लाखो अंश तापमान आलं. सूत्र एकच, मग असं का?

तिसरी वाट: पृष्ठभागावर थेट फ्लक्स (दर चौरस मिमीला आत जाणारे वॅट). पोलादाची उत्सर्जकता (तापल्यावर किरण बाहेर सोडण्याची क्षमता) हँडबुकात ०.८ दिली आहे, तेवढंच शोषण धरलं. मध्यबिंदू २३०० अंशांवर गेला. प्रत्यक्षात याच सेटिंगला प्लेट अजिबात वितळत नाही.

नेमकी कोणती वाट धरू? पहिली सगळ्यात खरी असणार असं वाटतं, पण तेवढं मशीन नाही.

---

ऊष्माप्रवाह

तिसरी वाट बरोबर आहे, त्यातला ०.८ तेवढा चुकीचा आहे. पण आधी पहिल्या वाटेबद्दल बोलतो, कारण "लहर सोडवली म्हणजे जास्त खरं" हा समज वेळ फार खातो.

लहर नीट पकडायची तर हवेत तरंगलांबीच्या दहाव्या भागाची, म्हणजे साधारण ०.१ मायक्रॉनची जाळी लागते. ४ मिमीच्या डागावर एका दिशेला ४०,००० एलिमेंट होतात. त्रिमितीत पृष्ठभागाच्या एकाच थराला १६० कोटी. एवढं सोडवून मिळणार काय? सपाट, जाड, एकसंध धातूवर प्रकाश पडतो तेव्हा मॅक्सवेलच्या समीकरणांचं उत्तर फ्रेनेलच्या सूत्रात तयारच असतं. किती परत गेला आणि किती आत शिरला, एवढा एक आकडा. तुमच्या प्लेटसाठी लहरीचं सगळं गणित त्या एका आकड्यात संपतं.

तो आकडा असा काढा. लोखंडाचा अपवर्तनांक १ मायक्रॉनच्या आसपास ढोबळ ३, आणि त्याचा काल्पनिक भाग ४. (मोजलेली कोष्टकं आहेत, जॉन्सन आणि क्रिस्टी यांनी १९७४ साली लोखंडासह संक्रमण धातूंचे आकडे दिले.) सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी परावर्तन = (३ वजा १ चा वर्ग + ४ चा वर्ग) भागिले (३ अधिक १ चा वर्ग + ४ चा वर्ग) = २० ÷ ३२ = ०.६२५. शोषण उरलं ०.३७ च्या आसपास. खऱ्या, ग्राइंड केलेल्या, ऑक्साइड नसलेल्या पोलादासाठी ०.३० ते ०.४० धरा. मी पुढे ०.३५ धरतो.

हँडबुकातला ०.८ कुठून आला? तो बहुधा ऑक्साइड चढलेल्या पोलादाची एकूण उत्सर्जकता आहे, आणि ती काही मायक्रॉन लांबीच्या उष्णताकिरणांवर मोजलेली असते. किर्खोफचा नियम सांगतो की शोषकता आणि उत्सर्जकता सारख्या असतात, पण त्याच तरंगलांबीला, त्याच कोनात, त्याच तापमानाला आणि त्याच पृष्ठभागाला. त्यामुळे मॉडेलमध्ये हे दोन आकडे वेगळे ठेवा: लेझर शोषणाचा एक, किरणोत्सर्गाने उष्णता बाहेर जाण्याचा दुसरा.

आता दुसरी वाट. प्रकाश लोखंडात किती खोल जातो? तरंगलांबी भागिले (१२.५७ × काल्पनिक भाग), म्हणजे १०७० ÷ ५०.३, साधारण २१ नॅनोमीटर. तुमचं एलिमेंट ५०,००० नॅनोमीटरचं. फायनाइट एलिमेंट पद्धत स्रोताचं मोजमाप एलिमेंटच्या आतल्या ठरावीक बिंदूंवर करते. तीन बिंदूंच्या गाउस पद्धतीत पहिला बिंदू ५.६ मायक्रॉन खोल बसतो. तिथपर्यंत घातांक शून्यच झालेला असतो. सॉफ्टवेअरला उष्णता दिसतच नाही, म्हणून प्लेट थंड. पायथनमध्ये तुमचा पहिला नोड नेमका पृष्ठभागावर आहे, तिथे स्रोताची कमाल किंमत मिळते, आणि ती २१ नॅनोमीटरऐवजी अख्ख्या ५० मायक्रॉनच्या पेटीवर पसरली जाते. पेटी २४०० पट जाड, म्हणून ऊर्जाही २४०० पट (नोडची अर्धीच पेटी धरली असेल तर १२०० पट). सूत्र एकच असूनही एकीकडे शून्य आणि दुसरीकडे लाखो अंश येतात ते यामुळे.

खोलीनुसार स्रोत द्यायचाच असेल तर प्रत्येक पेटीसाठी घातांकाचं समाकल हाताने काढा: वरच्या कडेची किंमत वजा खालच्या कडेची. मग ऊर्जा हरवत नाही. पण तुमच्या कामात त्याची गरज नाही. ०.४ सेकंदात उष्णता √(४ × १२ × ०.४) = ४.४ मिमी आत जाते (पोलादाची उष्मा-विसरणता, म्हणजे उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा, १२ मिमी² प्रति सेकंद धरून). ४.४ मिमीपुढे २१ नॅनोमीटर म्हणजे पृष्ठभागच. अगदी १० नॅनोसेकंदांच्या पल्सलासुद्धा उष्णता ०.७ मायक्रॉन जाते, तिथेही पृष्ठभाग-फ्लक्स चालतो.

---

हिंगणा_हार्डनर

२४०० पटीचा हिशेब लगेच पटला, पेटीची जाडी बदलली की उत्तर त्याच प्रमाणात बदलत होतं. मग फ्लक्स कसा लिहायचा ते सांगा, आणि उत्तर बरोबर आलं हे ओळखायचं कसं? सध्या माझ्याकडे ताडून पाहायला काही नाही.

---

ऊष्माप्रवाह

आधी एक स्पष्ट करा: ४ मिमी म्हणजे कशाचे? व्यास की त्रिज्या, आणि कडा कुठे मोजली? गाउसियन डागात तीव्रता मध्याच्या १३.५ टक्क्यांवर उतरते तिथपर्यंतची त्रिज्या घेतली (एक-भागिले-ई-वर्गवाली), तर मध्यातला शोषित फ्लक्स = २ × शोषण × शक्ती ÷ (३.१४२ × त्रिज्या²). काही कॅटलॉग अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी देतात, ती या त्रिज्येच्या १.१८ पट असते. सॉफ्टवेअरचं तयार गाउसियन फंक्शन प्रमाण विचलन मागतं, ते त्रिज्येच्या अर्धं. तिथे २ टाकायचे की १, यात माणूस हमखास घसरतो.

त्रिज्या २ मिमी धरली तर मध्यात २ × २८० ÷ (३.१४२ × ४) = ४४.६ वॅट प्रति चौरस मिमी.

तपासणीसाठी कागदावरचं उत्तर वापरा. खूप जाड धातू, स्थिर गुणधर्म, गाउसियन डाग असेल तर मध्यबिंदूची अंतिम तापवाढ:

शोषित शक्ती ÷ (२.५०७ × वाहकता × त्रिज्या)

वाहकता ०.०४५ वॅट प्रति मिमी-केल्व्हिन. २८० ÷ (२.५०७ × ०.०४५ × २) = १२४१ केल्व्हिन. ही अनंत काळानंतरची वाढ झाली. वेळेसाठी तिला ०.६३७ × आर्कटॅन(√(८ × विसरणता × वेळ) ÷ त्रिज्या) ने गुणा, कोन रेडियनमध्ये. ०.४ सेकंदाला √३८.४ = ६.२, भागिले २ = ३.१, आर्कटॅन १.२६, गुणक ०.८०. तापवाढ ९९४. सुरुवातीचं तापमान ३० असेल तर १०२४ अंश.

तुमचा २३०० चा आकडा याच सूत्रात ०.८ टाकून तंतोतंत येतो. म्हणजे तुमचं मॉडेल गणिताने बरोबर होतं, शोषणाचा आकडा तेवढा चुकला.

आता मॉडेलमध्ये गुणधर्म स्थिर ठेवा, बाकी सगळं बंद करा, आणि ९९४ येतं का पाहा. दोन टक्क्यांच्या आत आलं की पुढे जा. प्लेट १० मिमी जाड आहे आणि उष्णता ४.४ मिमी गेली आहे, म्हणून "खूप जाड" हे गृहीतक ०.४ सेकंदापर्यंत चालतं. दोन सेकंदांच्या पुढे उष्णता खालच्या तळाला पोचते, तिथे हे सूत्र सोडा.

दुसरी तपासणी ऊर्जेची. २८० वॅट × ०.४ सेकंद = ११२ ज्यूल. घनता × उष्माधारिता × तापवाढ यांचं सगळ्या घनफळावर समाकल करा, ११२ यायला हवं. पाव भागाचं सममित मॉडेल असेल तर २८ यायला हवं. इथे एक नेहमीची चूक: पाव मॉडेल म्हणून शक्तीलाही चारने भागतात. फ्लक्सचं सूत्र तसंच ठेवायचं, क्षेत्रफळ आपोआप पाव होतं. भागलं तर ऊर्जा ७ ज्यूल येईल आणि चूक तिथेच पकडली जाईल.

तुमची दुसरी वाट ऊर्जेच्या तपासणीत पहिल्याच मिनिटाला नापास झाली असती. म्हणून ही तपासणी प्रत्येक रनला चालू ठेवा.

---

धरमपेठ_पायथन

पायथनचं सांगतो. पहिली गोष्ट, द्विमितीय मॉडेल साध्या एक्स-वाय पद्धतीचं करू नका. त्यात तुमचा गोल डाग कागदाच्या आत-बाहेर अनंत लांबीचा पट्टा होतो. पट्ट्याचं तापमान कधीच स्थिर होत नाही, लॉगरिदमने चढतच राहतं, आणि माणूस समजतो की सीमा अट चुकली. एका जागी मारलेल्या डागाला अक्ष-सममित मॉडेल घ्या, म्हणजे त्रिज्या आणि खोली. उत्तर पूर्ण त्रिमितीचं, खर्च द्विमितीचा.

ग्रिड ०.१ मिमी, त्रिज्येत १५० पेट्या, खोलीत १००. नोड पेटीच्या मध्यात ठेवा, म्हणजे पहिला नोड अक्षापासून ०.०५ मिमीवर येतो आणि शून्याने भागण्याची वेळच येत नाही. प्रत्येक पेटी म्हणजे एक कडं. कड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ वेगळं असतं, ते धरून उष्णता आत-बाहेर मोजा. अशा रीतीने लिहिलं तर ऊर्जा आपोआप टिकते. वरच्या थरातल्या पेटीला फ्लक्स × कड्याचं क्षेत्रफळ एवढे वॅट द्या. कड्याचा फ्लक्स मध्यबिंदूवर न मोजता दोन त्रिज्यांमधल्या गाउसियनच्या समाकलाने काढा: (आतल्या त्रिज्येचा घातांक वजा बाहेरच्या त्रिज्येचा घातांक) × शोषित शक्ती. मग जाळी जाडी असली तरी बेरीज २८० वॅटच राहते.

एक्सप्लिसिट पद्धतीला (नवं तापमान थेट आधीच्या स्टेपवरून काढणारी) टाइम स्टेपची मर्यादा ग्रिड² ÷ (४ × विसरणता) = ०.०१ ÷ ४८ = ०.०००२ सेकंद. ०.०००१५ घ्या. ०.४ सेकंदाला २७०० स्टेप्स होतात, नमपायमध्ये अ‍ॅरे सरकवून लिहिलं तर साध्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत संपतं. आत-आत फॉर लूप लावू नका.

पेटीच्या मध्यातलं तापमान म्हणजे पृष्ठभागाचं तापमान नव्हे, हे मात्र विसरू नका. वरच्या अर्ध्या पेटीत फ्लक्स × अर्धी पेटी ÷ वाहकता एवढा चढ असतो: ४४.६ × ०.०५ ÷ ०.०४५ = ५० अंश. ९९४ शी ताडताना हे ५० जोडा, नाहीतर पाच टक्क्यांची चूक शोधत बसाल. हवं तर खोलीत वरच्या थराला ०.०२ मिमीच्या पेट्या द्या, पण मग एक्सप्लिसिटची स्टेप सुमारे तेरापट लहान होते. तिथून पुढे इम्प्लिसिट (सगळी नवी तापमानं एकत्र सोडवणारी पद्धत) बरं.

---

ऊष्माप्रवाह

इम्प्लिसिटचं म्हणालात म्हणून एक भर. कॉमसॉल, एल्मर किंवा कोणत्याही फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये स्टेप फार लहान घेतली तरी गडबड होते. लेझर चालू होताच पृष्ठभागाच्या जरा खाली तापमान सुरुवातीच्या ३० च्याही खाली, २२–२५ अंशांवर गेलेलं दिसतं. भौतिकदृष्ट्या हे अशक्य आहे. उष्णता अजून एक एलिमेंटसुद्धा ओलांडत नाही आणि सोडवणारा सरळ रेषेने तो चढ काढायला बघतो, म्हणून हे होतं. ढोबळ नियम: स्टेप किमान एलिमेंट² ÷ (६ × विसरणता) असावी. ०.२ मिमी एलिमेंटला ०.५६ मिलिसेकंद, ०.०५ मिमीला ०.०३५ मिलिसेकंद.

म्हणून जाळी अशी बसवा: पृष्ठभागावर डागाखाली ०.२ मिमी (त्रिज्येचा दहावा भाग), खोलीत पहिला थर ०.०५ मिमी, पुढचा प्रत्येक थर १.२ पट. पहिली स्टेप ०.१ मिलिसेकंद, मग हळूहळू वाढवत ५ मिलिसेकंदांपर्यंत. लेझर बंद होतो त्या क्षणी स्टेप पुन्हा लहान करायला लावा, नाहीतर आपोआप वाढलेली स्टेप ०.४ चा क्षण उडी मारून ओलांडते आणि ११२ पेक्षा जास्त ज्यूल आत जातात.

आता गुणधर्म. स्थिर गुणधर्मांवरचं १०२४ हे तपासणीपुरतं आहे, खरं उत्तर नव्हे. कार्बन स्टीलची वाहकता तापताना जवळपास निम्मी होते. युरोकोडच्या अग्निसुरक्षेच्या भागात सोपं सूत्र आहे: ५४ वजा ०.०३३३ × तापमान, ८०० अंशांपर्यंत, पुढे सरळ २७.३ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. उष्माधारिता २० अंशांना ४४० ज्यूल प्रति किलो-केल्व्हिनच्या आसपास, ६०० ला ७६०, ७३५ ला टोकदार शिखर ५०००, आणि ९०० च्या पुढे ६५०. ते शिखर पर्लाइटचं ऑस्टेनाइट होताना (पोलादाची आतली रचना बदलताना) लागणाऱ्या उष्णतेचं आहे. सॉल्व्हर त्या शिखरावरून एका स्टेपमध्ये उडी मारू शकतो आणि तेवढी उष्णता गिळली जाते. एकतर तापमानाऐवजी एन्थाल्पी (साठलेली उष्णता) हेच चल घ्या, किंवा शिखर ७०० ते ७७० एवढं पसरवून क्षेत्रफळ तेच ठेवा.

याने किती फरक पडतो? सरासरी वाहकता ०.०३५ आणि उष्माधारिता ६५० धरून तेच सूत्र पुन्हा चालवा. विसरणता ६.९ होते, अंतिम वाढ १५९५, गुणक ०.७४, तापवाढ ११८६. म्हणजे १९० अंशांचा फरक. हार्डनिंगमध्ये एवढ्याने पोत बदलतो. १००० अंश हवे असतील तर शक्ती ८०० ऐवजी ६५५ च्या जवळ येते.

किरणोत्सर्ग आणि हवेची काळजी तापताना करू नका. १०२४ अंशांना आदर्श काळा पदार्थसुद्धा ०.१६ वॅट प्रति चौरस मिमी सोडतो, हवा ०.०२. समोर ४४.६ आत येत आहेत. प्लेट नंतर मिनिटभर थंड होते तेव्हा मात्र दोन्ही लागतात.

---

बुटीबोरी_वर्कशॉप

भाऊ, ०.३५ हा आकडा कोष्टकातला आहे. तुमच्या प्लेटचा किती, ते मोजल्याशिवाय मॉडेलवर विसंबू नका. शोषण ०.३० की ०.४०, यातच तापमान अडीचशे-तीनशे अंशांनी हलतं. जाळी बारीक करून ही चूक जाणार नाही.

मोजणी वर्कशॉपमध्ये होते. त्याच मालाचा, त्याच ग्राइंडिंगचा ३० × ३० × ५ मिमीचा तुकडा घ्या. वजन ३५ ग्रॅम, उष्माधारिता ०.४८ ने गुणून १७ ज्यूल प्रति अंश. मागच्या बाजूला ०.२ मिमी तारेचा के-टाइप थर्मोकपल स्पॉट वेल्ड करा. दोन्ही तारा वेगवेगळ्या टेकवा, आधी पिळलेली गाठ चिकटवू नका. तुकडा सिरॅमिकच्या तीन टोकांवर ठेवा, व्हाइसमध्ये धरू नका, नाहीतर उष्णता व्हाइस घेऊन जातो.

फोकस सोडून डाग ८ मिमी करा. १५० वॅट, ४ सेकंद, म्हणजे ६०० ज्यूल. शोषण ०.३५ असेल तर २१० ज्यूल आत जातील आणि तुकडा १२ अंशांनी तापेल. बीम बंद झाल्यावर तापमान सगळीकडे सारखं व्हायला आठ-दहा सेकंद लागतात. त्यानंतरची उतरती रेष काढून ती मागे, शॉटच्या मध्यापर्यंत वाढवा आणि तिथलं तापमान वाचा. (तापवाढ × १७) ÷ ६०० हे तुमचं शोषण. पाच वेळा करा, दर वेळी तुकडा खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

शक्ती जास्त घेऊ नका. दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या वर पोलादावर पिवळसर रंग चढायला लागतो, तो ऑक्साइडचा थर. तो दिसला की तुम्ही वेगळाच पृष्ठभाग मोजत आहात.

शक्ती पॅनलवरची लिहू नका. पॉवर मीटर कामाच्या जागी, संरक्षक काचेच्या खाली ठेवून मोजा. काच मळली की कमी पोचतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू पंचविशीच्या आसपास जातो. चिलर २२ वर ठेवला तर ऑप्टिक्सवर दव धरतं, आणि मोजणी रोज वेगळी येते. जून ते सप्टेंबर चिलर दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवा, अर्थात लेझरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. मे महिन्यात शेडमध्ये प्लेट आधीच ४२–४३ अंशांवर असते. मॉडेलला सुरुवातीचं तापमान २० देऊ नका, मोजून द्या.

आणि सुरक्षेचं: १५० वॅटमधले शंभरेक वॅट परत उडतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. तुकडा १० अंश कलता ठेवा म्हणजे बीम फायबरमध्ये परत जाणार नाही, उडालेल्या बीमसमोर अ‍ॅनोडाइज केलेला काळा ब्लॉक ठेवा, दार बंद, १०७० नॅनोमीटरसाठीचाच चष्मा. गॅस कटिंगचा हिरवा चष्मा इथे कामाचा नाही.

---

हिंगणा_हार्डनर

मनापासून आभार. मोजणी केली, पाच शॉटची सरासरी ०.३३. स्थिर गुणधर्मांवर मॉडेल सूत्राच्या १ टक्क्याच्या आत, ऊर्जाही जुळली.

दोन प्रश्न राहिले. ८०० वॅटच्या खऱ्या शॉटला पायरोमीटर मॉडेलपेक्षा शंभर-सव्वाशे अंश जास्त दाखवतो, आणि फरक शेवटच्या ०.१ सेकंदात वाढतो. दुसरं, हेच मॉडेल तांब्याच्या बसबारवर आणि नॅनोसेकंद मार्किंग लेझरवर वापरता येईल का?

---

बुटीबोरी_वर्कशॉप

फरक शेवटी वाढतो याचा अर्थ ऑक्साइड. हवेत ८००–१००० अंशांवर क्षणात थर चढतो आणि शोषण ०.३३ वरून ०.५–०.६ कडे जायला लागतं. तपासायचं असेल तर नोझलमधून आर्गॉन १५ लिटर प्रति मिनिट सोडून तोच शॉट मारा. फरक आटला तर कारण तेच. मग मॉडेलमध्ये शोषण तापमानानुसार चढतं ठेवा, किंवा प्रत्यक्ष काम आर्गॉनमध्येच करा. पूर्वी कार्बन डायऑक्साइड लेझरच्या काळात ग्रॅफाइटचा फवारा मारायचे ते याच साठी, की शोषण सुरुवातीपासून वर आणि एकसारखं राहावं.

पण त्याआधी पायरोमीटर तपासा. त्याच्या समोर १०७० ला अडवणारा फिल्टर आहे का? नसेल तर तो प्लेटवरून उडालेला लेझरच तापमान म्हणून वाचतो. लेझर बंद झाल्यावर पुढच्या मिलिसेकंदात वाचन धाडकन खाली आलं तर तो परावर्तित प्रकाश, वक्र रेषेने उतरलं तर खरं तापमान.

---

ऊष्माप्रवाह

वरच्याशी सहमत, आणि एक जोडतो: एकरंगी पायरोमीटरवर उत्सर्जकता सेट केलेली असते. ऑक्साइड चढला की तीही बदलते. म्हणजे एकाच थराने तापमान खरंच वाढतं आणि वाचन त्याहून जास्त वाढतं. दुरंगी पायरोमीटर असेल तर तो घ्या. नसेल तर प्लेट कापून, पॉलिश करून, नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) एच करा आणि कठीण थराची खोली मॉडेलच्या समतापमान रेषेशी ताडा. मात्र ऑस्टेनाइट होण्याचं तापमान पुस्तकातलं घेऊ नका. सेकंदाला हजारो अंश तापवताना ते बरंच वर सरकतं.

तांब्याचं: पद्धत तीच, आकडे वेगळे. १०७० ला स्वच्छ तांबं ३ ते ५ टक्केच शोषतं. ३ की ५ म्हणजे शोषित शक्तीत साधारण १.७ पटीचा फरक, त्यामुळे मोजणी इथे पोलादापेक्षा जास्त लागते. वितळलं की शोषण एकदम वाढतं, म्हणून काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि अचानक भोक पडतं. निळ्या ४५० नॅनोमीटरच्या लेझरला तांबं निम्म्याच्या आसपास शोषतं, म्हणून तांब्यासाठी तो निघाला. आणि विद्युत रोधावरून शोषण काढायचं सोपं सूत्र (०.३६५ × √(रोधकता ÷ तरंगलांबी)) फक्त १०.६ मायक्रॉनला (कार्बन डायऑक्साइड लेझर) वापरा. तिथे ते लोखंडाला साडेतीन टक्के देतं आणि जमतं. १ मायक्रॉनला आंतरपट्टी शोषण (इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्टीतून दुसरीत उडी मारतात ते) सुरू होतं, तिथे ते फसवतं.

नॅनोसेकंद मार्किंगला पृष्ठभाग-फ्लक्स चालेल, पण जाळी पहिल्या थरात ०.०५ मायक्रॉनपर्यंत न्या आणि बाष्पीभवन धरा, नाहीतर दहा हजार अंश दिसतील. काही पिकोसेकंदांच्या खाली इलेक्ट्रॉन आणि जालक यांचं तापमानच वेगळं असतं. तिथे १९७४ साली अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं द्वि-तापमान प्रतिमान लागतं.

लहर खरोखर सोडवावी लागते ती कुठे? काचेवरचा २०–३० नॅनोमीटरचा सोन्याचा थर, तरंगलांबीएवढ्या खाचा कोरलेला पृष्ठभाग, नॅनोकण. तिथेही थर सपाट असतील तर ट्रान्सफर मॅट्रिक्स (थराथराने फ्रेनेलचं गणित जोडणारी पद्धत) पुरते. तुमच्या प्लेटला यातलं काही लागू नाही.

---

धरमपेठ_पायथन

फिरत्या डागाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. अक्ष-सममिती तिथे संपते, त्रिमितीत जावं लागतं. मार्गाच्या रेषेवर आरसा ठेवून अर्धं मॉडेल करा. टाइम स्टेप अशी की एका स्टेपमध्ये डाग त्रिज्येच्या दहाव्या भागापेक्षा जास्त सरकू नये: ०.२ मिमी ÷ १० मिमी प्रति सेकंद = ०.०२ सेकंद. यापेक्षा मोठी घेतली तर मार्गावर मण्यांची माळ दिसते, प्रत्येक थांब्याला एक गरम ठिपका. ताडायला ईगर आणि त्साय यांचं १९८३ चं गाउसियन फिरत्या स्रोताचं समाकल आहे, सायपायच्या क्वाड फंक्शनने दहा ओळींत निघतं. रोझेन्थालचं जुनं सूत्र डागाच्या मध्याला वापरू नका. त्यात स्रोत एक बिंदू आहे, म्हणून तिथे तापमान अनंत येतं. डागापासून दोन-तीन त्रिज्या मागच्या शेपटीला ते चालतं.

प्लेटची कडा यायच्या आधी शेवटच्या ५–६ मिमीत तापमान चढतं, कारण उष्णतेला पुढे जायला धातू नसतो. तिथे शक्ती उतरती करायला लागेल. किती, ते या मॉडेलमधूनच काढा: मध्यबिंदूचं तापमान १००० वर धरून प्रत्येक स्टेपला शक्ती जुळवत जा, आणि तीच वक्ररेषा लेझर कंट्रोलरच्या रॅम्पमध्ये भरा.